‘सौम्य’ आघात आणि मुका मार : एका वैद्यकीय संज्ञेची भाषिक चिकित्सा

वैद्यकशास्त्रातील संज्ञांची चिकित्सा करण्याचा अधिकार भाषाशास्त्राला आहे काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी उपस्थित होणे स्वाभाविक आहे. रोगाचे निदान करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे, हे उघडच आहे. परंतु निदान झाले की त्याला नाव द्यावे लागते. ते नाव रुग्णाच्या कागदावर लिहिले जाते, नातलगांना ऐकवले जाते, कारखान्याच्या कचेरीत वाचले जाते आणि त्यावरून त्या माणसाविषयी निर्णय घेतले जातात. नाव दिले गेल्यापासून पुढचा हा सारा व्यवहार भाषेचा आहे आणि त्याची तपासणी भाषेच्या अभ्यासकाने करावयाची नाही तर कोणी करावयाची?

प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे ‘मेंदूवरील सौम्य आघात’ ही संज्ञा. ह्या आघातानंतर स्मरण, अवधान, विचाराची गती आणि शब्दयोजना ह्या बोधात्मक शक्ती कितपत व केव्हा पूर्ववत होतात, ह्याविषयी गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचा बराचसा भाग वस्तुस्थितीविषयी आहे. परंतु काही भाग केवळ ‘सौम्य’ ह्या विशेषणाने निर्माण केलेला आहे. मराठी भाषकाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. त्याच्या शक्ती परत आल्या की नाहीत हे ज्या कसोट्यांनी ठरवावयाचे, त्या मुळात दुसऱ्या भाषांसाठी रचलेल्या आहेत. ह्या दोन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

१. विशेषण कोणाचे?

‘सौम्य’ हे विशेषण कोठून आले, ते प्रथम पाहिले पाहिजे. १९७४ साली ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट ह्या दोन चिकित्सकांनी बेशुद्धीची खोली मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, बोलण्याला कसा प्रतिसाद देतो आणि हातपाय कसे हलवतो, ह्या तीन गोष्टी पाहून गुण द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. आज ती १५ गुणांची आहे : डोळ्यांना ४, वाणीला ५ आणि हालचालींना ६. किमान गुण ३. पुढे ह्याच गुणांवरून आघाताच्या तीन श्रेणी रूढ झाल्या. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तीव्र, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि १३ ते १५ म्हणजे सौम्य.

ही मोजपट्टी बेशुद्धीसाठी बनवलेली होती. जो माणूस शुद्धीवर येण्याची वाट पाहिली जात आहे, त्याच्या अवस्थेतील चढउतार टिपण्यास ती अत्यंत उपयुक्त ठरली आणि आजही ठरते. परंतु तिचे वरचे टोक बोथट आहे. वाणीचे पूर्ण ५ गुण मिळण्यास स्वतःचे नाव, आपण कोठे आहोत ते स्थळ आणि चालू वर्ष व महिना सांगता आला की पुरते. १५ गुण हे ही पत्रिका वाचणाऱ्या निरोगी प्राध्यापकालाही मिळतात आणि तासापूर्वी दुचाकीवरून पडून आता उठून बसलेल्या कामगारालाही मिळतात. जी पट्टी ह्या दोघांत भेद करू शकत नाही, तिच्या आधाराने ‘सौम्य’ ही श्रेणी उभी आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील पुनर्वसनवैद्यकाच्या परिषदेने ह्या श्रेणीची रीतसर व्याख्या केली. आघातानंतर शुद्ध हरपणे, आघाताच्या आधीच्या वा नंतरच्या क्षणांची आठवण नसणे, मन गोंधळून जाणे, अथवा मज्जासंस्थेतील एखादा स्थानिक दोष दिसणे, ह्यांपैकी एकही गोष्ट घडली असली तर मेंदूवर आघात झाला असे मानावे. मात्र बेशुद्धी सुमारे ३० मिनिटांपेक्षा अधिक, आणि आघातोत्तर विस्मृती २४ तासांपेक्षा अधिक टिकलेली नसावी. ह्याच व्याख्येबरोबर एक खुलासाही केलेला होता. हे श्रेणीकरण आघातसमयीच्या लक्षणांचे आहे. नंतर केव्हातरी जाणवणाऱ्या त्रासाच्या तीव्रतेशी त्याचा संबंध नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने हा खुलासा महत्त्वाचा आहे. ‘सौम्य’ हे विशेषण पहिल्या काही तासांतील चिन्हांचे आहे. त्याचे विशेष्य ‘परिणाम’ नव्हे, ‘भवितव्य’ तर नव्हेच. परंतु व्यवहारात विशेषणे आपल्या विशेष्याशी एकनिष्ठ राहत नाहीत. कागदावर ‘सौम्य आघात’ असे लिहिलेले असते. वाचणारा ते ‘सौम्य परिणाम’ असे वाचतो आणि काही दिवसांनी त्याचे ‘काही झालेले नाही’ असे रूपांतर होते. इंग्रजीतील मूळ शब्दाच्या बाबतीतही हा घसरा आहेच. मराठीत तो अधिक वेगाने होतो, कारण ‘सौम्य’ हा शब्द आपल्याकडे मुख्यतः स्वभावाचा आणि गुणाचा आहे. सौम्य प्रकृतीचा माणूस, सौम्य भाषा, सौम्य औषध. शब्दाच्या मुळाशी सोम आहे, चंद्राची शीतलता आहे. मूळ इंग्रजी शब्द निदान ‘कमी’ एवढाच अर्थ देतो. मराठी प्रतिशब्द त्यात ‘सुखद’ अशी छटा मिसळतो. भाषांतरकाराचा तसा हेतू नसेल, पण त्याने आघाताला सुस्वभावी करून टाकले आहे.

२. बरे होण्याविषयीचा वाद

ह्या आघाताचे पुढे काय होते, ह्याविषयीचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या एका अभ्यासगटाने २००४ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. आघातानंतर लगेच बोधात्मक दोष सर्रास आढळतात, परंतु बहुतेक प्रौढ रुग्ण ३ ते १२ महिन्यांत बरे होतात, आणि ज्यांची लक्षणे रेंगाळतात त्यांच्या बाबतीत नुकसानभरपाईचे दावे हा एक घटक असतो, असा त्या गटाचा निर्णय होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आढाव्याने मात्र, एकच सौम्य आघात झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत बोधनशक्तीचा दीर्घकालीन ऱ्हास दिसतो, असे म्हटले. २०१९ मध्ये अमेरिकेतील ११ आघातोपचार केंद्रांतील रुग्णांचा जो पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरानंतरही दैनंदिन कार्यात उणीव असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५३ टक्के होते.

ह्या शेवटच्या आकड्याचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा पुष्कळदा गाळला जातो. डोक्याला इजा न होता केवळ हाडास वा स्नायूस इजा झालेल्यांचा एक तुलनागट त्यात होता आणि त्यातही अशी उणीव सांगणारे ३८ टक्के होते. म्हणजे अपघात हीच एक मोठी घटना आहे. वेदना, झोपेची मोड, बुडालेली मजुरी आणि भीती ह्यांचाही माणसाच्या शक्तीवर परिणाम होतो. ५३ आणि ३८ ह्यांच्यामधील अंतर हाच मेंदूच्या वाट्याचा हिशेब होय. ते अंतर लहान नाही, पण ५३ इतके मोठेही नाही.

दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणी आहे. ‘बहुतेक बरे होतात’ हे विधान सरासरीचे आहे. शंभरांपैकी पंच्याऐंशी पूर्ण बरे झाले आणि पंधरा पुष्कळ मागे राहिले, तरी सरासरी जवळजवळ पूर्ववतच दिसेल. सरासरी खरी असते. परंतु वैद्याच्या समोर बसलेला माणूस सरासरी नसतो. उलट, ‘निम्मे बरे होत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी रुग्णाच्या तक्रारीला आधाराशिवाय मोजमापाचे स्थान दिले, तर तेही तितकेच सदोष ठरते. अपघात झालेली माणसे आपली अपघातापूर्वीची स्मरणशक्ती होती त्यापेक्षा चांगली होती असे मानतात, हे ग्रँट आयव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलेले आहे. गेलेले दिवस सोन्याचे वाटणे ही मनुष्यस्वभावाची सर्वपरिचित खोड आहे. ती रुग्णालयाच्या दारात गळून पडत नाही.

शारीरिक बाजूही विसरून चालणार नाही. आघाताच्या धक्क्याने चेतापेशींच्या आवरणांतून आयनांची उलथापालथ होते, ती सावरण्यासाठी पेशींना अधिक ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा अपुरा पडतो. २००१ मध्ये गिझा आणि होव्हडा ह्यांनी ही प्रक्रिया सविस्तर मांडली. पेशींचे लांब तंतू ताणले जातात, ते वेगळेच. ह्यांपैकी बहुतेक गोष्टी सी.टी. स्कॅनच्या चित्रात उमटत नाहीत. रक्तातील विशिष्ट प्रथिनांवरून काही अंदाज बांधता येतो. अशा पहिल्या चाचणीस अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ ह्या दोन शब्दांचा खरा अर्थ ‘रक्तस्राव वा अस्थिभंग दिसला नाही’ एवढाच आहे. तो ‘मेंदू पूर्ववत आहे’ असा घेतला जातो, ही पुन्हा भाषेचीच करामत.

२०२५ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून सौम्य, मध्यम, तीव्र ही त्रिपदी बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. रुग्णाची चिन्हे, रक्तातील खुणा, मेंदूचे चित्र आणि परिणाम बदलणारे व्यक्तिगत व सामाजिक घटक, असे चार स्तंभ स्वतंत्रपणे नोंदवावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या विशेषणाची मराठीत अजून नीट चिकित्साही झालेली नाही, ते त्याच्या जन्मस्थानीच निवृत्तीच्या वाटेवर आहे.

३. लोकभाषेचे दोन कप्पे

पुस्तकी संज्ञा अशी सदोष असेल, तर लोकभाषेत काय सापडते? पवना नदीच्या एका तीरावर पिंपरी आणि दुसऱ्या तीरावर काळेवाडी. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि नंतरच्या दशकांत ही औद्योगिक वसाहत भोसरी, आकुर्डी, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंत पसरली. काळेवाडी ही ह्या पट्ट्यात राबणाऱ्यांची राहण्याची जागा. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर भारत येथून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पाळी संपवून बव्हंशी दुचाकीवरून घरी येतात. डोक्याला मार बसण्याचे प्रसंग अशा जीवनक्रमात दुर्मिळ नसतात.

त्यांच्या बोलीत ह्या इजेला तयार नाव आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही, पण आत ठणका आहे, असा मार. शब्द विलक्षण अचूक आहे. जो मार बोलत नाही तो मुका. सी.टी. स्कॅनच्या मर्यादेविषयी जे वर सांगितले, ते ह्या दोन शब्दांत आधीच आलेले आहे. परंतु ह्या शब्दाबरोबर त्याचा उपचारही ठरलेला असतो. हळद लावावी, शेकावे, दोन दिवस पडून राहावे. मुका मार आपोआप जिरतो. पाठीच्या बाबतीत हे बहुधा खरे ठरते. डोक्याच्या बाबतीतही तो पुष्कळदा जिरतो. पण जिरला नाही तर काय म्हणावयाचे, ह्याची सोय ह्या कप्प्यात नाही.

दुसरा कप्पा आहे तो ‘डोक्यावर परिणाम झाला’ ह्या वाक्प्रयोगाचा. शब्दशः पाहता मेंदूच्या आघातोत्तर अवस्थेचे ह्याहून शास्त्रीय वर्णन सापडणार नाही. परंतु मराठीत त्याचा अर्थ एकच आहे : वेड लागले. त्याचीच भावंडे म्हणजे ‘डोके फिरले’, ‘डोके ठिकाणावर नाही’ आणि ‘डोक्यावर पडला आहे’. ह्यांतील शेवटचा प्रयोग तर अपघाताचेच रूपक करून मूर्खपणाला नाव देतो. ज्या माणसाच्या डोक्याला खरोखर मार लागला आहे, त्याला आपली अवस्था सांगताना हेच शब्द समोर दिसतात. मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, कंत्राटी नोकरी टिकवावयाची आहे, अशा वेळी कोणता माणूस स्वतःच्या तोंडाने ‘डोक्यावर परिणाम झाला आहे’ असे म्हणेल?

मधली जागा रिकामी आहे. एका बाजूस आपोआप जिरणारा मुका मार आणि दुसऱ्या बाजूस वेड. महिनोन्महिने विचार मंद चालणे, गोंगाटात बोलणे न समजणे, दोन कामे एकदम न झेपणे, तोंडाशी आलेला शब्द न सापडणे, ही जी मधली अवस्था, तिला बोलीत नाव नाही. पुस्तकी संज्ञेतील ‘सौम्य’ हा शब्द ह्या रिकाम्या जागेत बसू शकला असता. परंतु तो पहिल्या कप्प्यात जाऊन पडतो आणि मुक्या माराला डॉक्टरांची संमती मिळवून देतो.

ह्यात ‘बरं आहे’ ह्या उत्तराची भर पडते. ‘कसे काय?’ ह्या विचारण्याला ‘बरं आहे’ हे उत्तर मराठीत माहिती म्हणून दिले जात नाही. तो शिष्टाचार आहे. त्यातून ‘बरा’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत : रोगमुक्त, आणि जेमतेम चांगला. तपासणीस आलेला माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणतो आणि त्याची नोंद ‘बरा झाला’ अशी होते. आघातोत्तर लक्षणांची जी रिव्हरमीड प्रश्नावली १९९५ पासून जगभर वापरली जाते, तीत १६ लक्षणे विचारून प्रत्येकास ० ते ४ असे अंक द्यावयाचे असतात आणि तुलना अपघातापूर्वीच्या स्थितीशी करावयाची असते. शिष्टाचाराचे उत्तर आणि अंकांचे उत्तर ह्यांमधील अंतर लक्षात न घेता अशी प्रश्नावली मराठीत तोंडी विचारली, तर तिच्यातून शिष्टाचाराचेच मोजमाप होण्याचा संभव अधिक.

तथापि लोकभाषा येथे केवळ दरिद्री नाही. बोधव्यापारांविषयी मराठीने जे सूक्ष्म भेद केले आहेत, ते प्रश्नावल्यांत वापरलेच जात नाहीत. ‘मी विसरतो’, ‘मला आठवत नाही’, ‘माझ्या लक्षात राहत नाही’ आणि ‘मला सुचत नाही’ ही चार वाक्ये घ्यावीत. ‘विसरणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता प्रथमेत आहे. दोष बोलणाऱ्याने पत्करला आहे. ‘आठवणे’ आणि ‘सुचणे’ ह्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो. गोष्ट त्याच्याकडे येत नाही, एवढेच तो सांगतो. ‘आठवत नाही’ म्हणजे साठवलेले परत येत नाही. ‘लक्षात राहत नाही’ म्हणजे अवधानात टिकलेच नाही, साठवण झालीच नाही. सौम्य म्हटल्या जाणाऱ्या आघातानंतर बहुधा बिघडतात त्या अवधान आणि विचाराची गती ह्या गोष्टी. जुन्या आठवणी बव्हंशी शाबूत असतात. म्हणजे ‘लक्षात राहते का?’ हा प्रश्न रोगाच्या मर्मावर बोट ठेवतो. ‘तुम्ही विसरता का?’ हा प्रश्न ते मर्म चुकवतो आणि वर रुग्णाला अपराधी करतो. मराठीच्या विभक्तिव्यवस्थेने जे निदान सोपे केले आहे, ते भाषांतराने अवघड करून ठेवावे, ही खेदाची गोष्ट आहे.

४. कसोट्यांची भाषा

आता कसोट्यांकडे वळावे. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २००४ मध्ये आपली कसोटीमाला वय, लिंग आणि शिक्षण ह्यांनुसार मानके देऊन प्रसिद्ध केली. भारतीय रुग्णांना पाश्चात्त्य मानके लावण्याच्या अनिष्ट प्रथेला तिने आळा घातला, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. २०२० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या बोधनकसोट्यांच्या संचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम ह्या पाच भाषांतील होता. त्या पाचांत मराठी नव्हती. माँट्रियल येथे तयार झालेल्या प्रसिद्ध बोधनकसोटीचे मराठी रूप उपलब्ध आहे. परंतु रूपांतर होणे वेगळे आणि त्या भाषेच्या घडणीनुसार कसोटी घडणे वेगळे.

पहिले उदाहरण अक्षरावरून शब्द सांगण्याच्या कसोटीचे. एका मिनिटात अमुक अक्षराने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द सांगावयाचे. इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरे घेतात. भारतीय भाषांसाठी क, प, म घेण्याची पद्धत पडली आहे. मराठीत ‘क’ची स्थिती पाहावी. कोण, काय, का, कधी, कुठे, कसा, किती, कोणता : मराठीची प्रश्नार्थक सर्वनामे आणि क्रियाविशेषणे जवळजवळ सगळी ‘क’ने सुरू होतात. कन्नडात तशी ती नाहीत. तेथील प्रश्नार्थक शब्द बव्हंशी ‘य’ अथवा ‘ए’ ह्या वर्णांनी सुरू होतात. मराठी भाषकाला सात-आठ शब्दांची रास अनायासे हाती लागते. अशा स्थितीत कन्नड भाषकांवरून काढलेले मानक मराठी भाषकास लावल्यास, ज्याची शब्दस्फूर्ती खरोखर मंदावली आहे तोही उत्तीर्ण होण्याचा धोका आहे.

शिवाय ‘अक्षर’ म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. ज्याने बाराखडी गिरवली आहे, तो ‘क’ म्हटल्यावर ‘की’ आणि ‘कु’ त्यातच धरील काय? ‘क्रम’ आणि ‘क्षमा’ ह्यांचे काय? ‘च’ आणि ‘ज’ ह्यांच्या बाबतीत तर एका लेखनचिन्हामागे दोन ध्वनी आहेत : संख्यावाचक ‘चार’ आणि ‘गुरांना चार’ ह्यातील ‘चार’, विश्व ह्या अर्थीचे ‘जग’ आणि ‘सुखाने जग’ ह्यातील ‘जग’. सातवीपर्यंत शिकलेला माणूस ध्वनीने चालेल की चिन्हाने, हे कसोटी घेणाऱ्याने आधी ठरवलेले नसते. आणि मग अनिश्चितता कसोटीची असूनही गुण रुग्णाचे कापले जातात.

दुसरे उदाहरण प्राण्यांची नावे सांगण्याचे. इंग्रजीतील जातिवाचक शब्दाला मराठीत ‘प्राणी’ हा प्रतिशब्द योजतात. शाळेत शिकलेल्याच्या मनात ‘पशुपक्षी’ अशी जोडी असते आणि चिमणी ही ‘प्राणी’ खरी की नाही, असा त्याला संशय पडतो. ‘जनावर’ म्हणावे तर त्याचा अर्थ गुरेढोरे. आणि ग्रामीण बोलीत ‘जनावर निघाले’ म्हणजे साप निघाला. शब्द थांबले ते मेंदू थकल्यामुळे की वर्गाची सीमा धूसर असल्यामुळे, हे नुसत्या संख्येवरून कळणार नाही.

तिसरे उदाहरण शंभरातून सात-सात वजा करण्याचे. मराठीतील उत्तरे अशी : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. ८६ वरून ७९ वर येताना दशक बदलते, पण कानाला ‘ऐंशी’च ऐकू येते, कारण ७९ हे ऐंशीला एक उणे अशा रीतीने सांगितले जाते. बाकीच्या संख्यांतही एकक आधी आणि दशक नंतर, तेही संधीने बदललेले. मराठी संख्यानामांची ही दुर्बोधता निरोगी मुलांनाही जड जाते, म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पर्यायी रीत दिली आणि त्यावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या वादात कोणाचे बरोबर होते, हा येथे प्रश्न नाही. परंतु जी नावे शिकण्याला जड म्हणून राज्यभर चर्चा झाली, त्याच नावांत अडखळणाऱ्या आघातग्रस्ताचे अवधान बिघडले असे अनुमान काढताना हात थोडा आखडता घ्यावा. चूक वजाबाकीत झाली की नावात, हे अंक लिहून घेऊन पडताळता येते.

उलट, ऐकलेले सुटे अंक त्याच क्रमाने परत म्हणण्याच्या कसोटीत मराठीचे फारसे नुकसान नाही. ज्या भाषेतील अंकनामे उच्चारायला लांब, तीत अंकांची आठवण तोकडी पडते, हे वेल्श आणि इंग्रजी ह्यांच्या तुलनेवरून १९८० मध्ये दाखवले गेले. मराठीत सहा आणि नऊ वगळता एक ते नऊ हे सारे शब्द एकाच उच्चारखंडाचे आहेत. अडचण आहे ती दुसरीच. औद्योगिक पट्ट्यातील कामगार फोनचा क्रमांक, यंत्राचे माप किंवा मालाचा क्रमांक पुष्कळदा इंग्रजी अथवा हिंदी अंकांत बोलतो. मातृभाषेची कसोटी म्हणून त्याला मराठी अंक द्यावेत, की ज्या भाषेत त्याचे हात चालतात त्या भाषेतले द्यावेत? ह्याचे उत्तर रुग्णागणिक वेगळे असू शकते. पण प्रश्न विचारलाच गेला नाही, तर उत्तराचा काही उपयोग नाही.

५. पूर्ववत होणे म्हणजे काय?

कसोटी शांत खोलीत होते. एक माणूस विचारतो, एक उत्तर देतो, आणि एका वेळी एकच काम असते. काळेवाडीत राहून चाकणच्या कारखान्यात सी.एन.सी. यंत्र चालवणाऱ्याचे काम असे नसते. ड्रॉइंगवरील माप वाचावयाचे, ते लक्षात ठेवून जॉब मोजावयाचा, ऑफसेट बदलावयाचा, सुपरवायझरची हिंदीतील सूचना गोंगाटातून पकडावयाची, शेजारच्या गाववाल्याला वऱ्हाडीत उत्तर द्यावयाचे आणि तेवढ्यात अर्धवट राहिलेले पहिले काम पुन्हा हाती घ्यावयाचे. एका भाषेतून दुसरीत जाणे, एक काम थांबवून दुसरे धरणे, ह्यांसाठी जे नियंत्रण लागते, ते आघातानंतर सावकाश परततात अशा शक्तींपैकी आहे. अपघातानंतर अशा माणसाला खोलीतील कसोटीत पुरेसे गुण मिळतील; यंत्रावर मात्र त्याची गती कमी पडेल. कारखान्याच्या दृष्टीने तो आळशी ठरेल, घरच्यांच्या दृष्टीने चिडका, आणि त्याच्या स्वतःच्या दृष्टीने काय ठरेल, ते सांगण्यास त्याच्याजवळ शब्द नाही.

कायद्याची भाषाही ह्या बाबतीत मुकी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात हात, पाय, बोटे, दृष्टी आणि श्रवण ह्यांच्या हानीची तपशीलवार यादी होती. बोटाचे कितवे पेर गेले असता किती टक्के, हे त्यात ठरलेले होते. अवधान वा विचाराची गती गेली असता किती, ह्याचा उल्लेख नव्हता. परिशिष्टाबाहेरील इजांचे मूल्य वैद्यकीय दाखल्यावर सोडलेले होते. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. परंतु दाखल्याचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांतही मेंदूवरील आघाताचे स्वतंत्र नाव नाही. जेथे सारा भार दाखल्यावर आहे, तेथे दाखल्यावरील ‘सौम्य’ हा एक शब्द किती वजनाचा ठरतो, हे वेगळे सांगावयास नको. वर उल्लेखिलेल्या २००४ च्या आढाव्यात नुकसानभरपाईच्या दाव्यांचा जो निर्देश आहे, त्याचा आधार घेऊन अशा माणसाच्या तक्रारीकडे संशयाने पाहणे सोपे आहे. परंतु ज्याला दावाच करता येत नाही, त्याच्या लक्षणांचे कारण दाव्यात शोधणे तर्कास धरून नाही.

६. आक्षेप आणि पर्याय

ह्यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. ‘सौम्य’ हा शब्द धीर देतो. तो काढला तर रुग्ण घाबरेल, प्रत्येक विसरलेली गोष्ट मेंदूच्या खाती मांडील आणि त्या भीतीनेच अधिक आजारी पडेल. हा आक्षेप काल्पनिक नाही; अपेक्षेचा लक्षणांवर परिणाम होतो, ह्याला पुरावा आहे. परंतु धीर देण्याचे काम विशेषणाने होते की माहितीने, हे पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियात जेनी पॉन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा रुग्णांच्या एका गटाला सुरुवातीलाच एक पुस्तिका देण्यात आली. कोणती लक्षणे जाणवू शकतात, ती कशी सावरावीत आणि ती बहुधा कशी ओसरतात, एवढेच तीत होते. तीन महिन्यांनी ह्या गटाच्या तक्रारी दुसऱ्या गटापेक्षा कमी होत्या. म्हणजे रुग्णाला ‘काही नाही’ असे सांगण्याने नव्हे, तर ‘काय आहे आणि ते कसे जाईल’ हे सांगण्याने धीर मिळतो. पिंपरीच्या महापालिका रुग्णालयात असो वा खाजगी दवाखान्यात, मराठीत लिहिलेले असे दोन पानी पत्रक रुग्णाबरोबर घरी गेले, तर ते विशेषणापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

संज्ञेचा पर्याय शोधण्यासाठीही फार लांब जावे लागत नाही. इंग्रजीतील जुन्या शब्दाचे लॅटिन मूळ ‘जोराने हालवणे’ ह्या अर्थाचे आहे. मराठीत त्याला ‘हादरा’ हा शब्द आहे. ‘मेंदूला हादरा बसला आहे’ हे वाक्य खेड्यातल्या आजीलाही समजते. त्यात वेडाची छाया नाही आणि सौम्यतेचे खोटे आश्वासनही नाही. हादऱ्याने घर पडत नाही, पण भांडी जागची हलतात आणि ती पुन्हा लावण्यास वेळ लागतो, ही कल्पना त्या शब्दात सहज सामावलेली आहे. दाखल्यावर श्रेणीऐवजी घडलेल्या गोष्टी लिहिता येतील : शुद्ध किती वेळ हरपली, किती काळाची आठवण नाही, स्कॅनमध्ये काय दिसले आणि काय दिसले नाही, कामाचा भार किती आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. विशेषणाचा अर्थ वाचणाऱ्यागणिक बदलतो. मिनिटांचा आणि आठवड्यांचा तसा बदलत नाही.

कसोट्यांच्या बाबतीत मात्र काम चिकित्सकांचे एकट्याचे नाही. मराठीत कोणत्या वर्णाने सुरू होणारे शब्द किती सुलभतेने आठवतात, ‘प्राणी’ ह्या वर्गाची सीमा मराठवाड्यात कोठे आणि खानदेशात कोठे, बहुभाषक कामगार संख्या कोणत्या भाषेत हाताळतो, अवधानभंगाला कोणकोणत्या बोलींत काय म्हणतात, ही सारी क्षेत्रीय भाषाभ्यासाची कामे आहेत. काळेवाडीसारख्या एका वस्तीत ह्या सर्व बोली एका चौकात ऐकू येतात. रोमान याकोबसनने १९४१ मध्ये वाचाभंगाचा विचार ध्वनिव्यवस्थेच्या अंगाने केला आणि लूरियाने युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांच्या अभ्यासातून भाषेच्या ऱ्हासाचे प्रकार निश्चित केले. ते अभ्यास उघड जखमांचे आणि उघड वाचाभंगाचे होते. मुक्या माराचा अभ्यास त्याहून अवघड आहे, कारण त्यात भाषा मोडत नाही, फक्त तिचा वेग आणि तिचा भरवसा कमी होतो. तो उणेपणा मराठीत कसा दिसतो, ह्याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे. ती होईपर्यंत काळेवाडीतील कामगाराने दिलेले ‘बरं आहे’ हे उत्तर नोंदवहीत उतरवताना, त्याच्यापुढे ‘लक्षात राहतं का?’ हा एक प्रश्न तरी जोडला जावा.